मैदानाची चावी कुणाकडे?

(चिमूर येथे तरुण-तरुणींसमोर केलेले भाषण)



इथे बसलेल्यांपैकी पोलीस भरतीची तयारी किती जण करताहेत? हात वर करा... आणि मुली? लाजू नका. बघा, चांगले निम्मे निघाले.

म्हणजे हिशेब तुम्हाला पाठच असेल. शारीरिक चाचणी 50 गुणांची. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळा, पोरांचा 7.26 किलोचा, पोरींचा 4 किलोचा. निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचं बोलावणंच येत नाही. आणि सराव कुठे? डांबरी रस्त्यावर, अंधारात. एका बाजूने ट्रक, दुसऱ्या बाजूला ताडोबाचं जंगल. आपल्या तालुक्यात पहाटे रस्त्यावर धावणं म्हणजे काय, हे मी बाहेरून आलेल्यांना समजावते. तुम्हाला काय सांगू? डांबरावर रोज धावून नडग्या दुखायला लागतात, ते वेगळंच.

जिल्ह्यात चांगलं मैदान नाही असं नाही. बल्लारपूरजवळ विसापूरला मोठं क्रीडा संकुल आहे, 2023 च्या डिसेंबरअखेर तिथे राष्ट्रीय शालेय अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाल्या. मला आनंदच झाला. पण चिमूरची पोरगी सकाळी तिथे धावून दहाच्या तासाला परत येईल, एवढं ते जवळ नाही.

म्हणून मला स्टेडियम नको, कॉलेजचं मैदान हवंय. बहुतेक कॉलेजांकडे ते असतं. नॅकच्या अहवालात त्याचा फोटोही असतो. प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा शुल्क लिहिलेलं असतं, एकदा काढून बघा. आणि गेटला कुलूप! लग्नाचा मांडव पडायचा असला की मात्र ते उघडतं.

कॉलेजने मनावर घेतलं तर काय होतं? खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. मोरोक्कोची नवल अल मुतवक्किल अमेरिकेत आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत शिकत होती, तिथल्या ट्रॅकवर तयार झाली आणि 1984 ला 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्ण जिंकली. ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली आफ्रिकी मुस्लिम स्त्री. आपण तर प्राचार्यांकडे फक्त चावी मागतोय.

पोरींच्या घरच्यांशी मी वेगळं बोलेन. निजामाबादच्या निखत झरीनला पहिल्यांदा मैदानावर नेलं ते तिच्या अब्बांनी, आणि तेही धावायला. बॉक्सिंग नंतर आलं. शेजारपाजारचे कपड्यांवरून बोलले, लग्न कसं होणार म्हणाले. ती 2022 ला आणि 2023 लाही जगज्जेती झाली. तुमच्या मुलीला फुल ट्रॅकपँट घालून, ओढणी बांधून धावायचं असेल तर धावू द्या. अडचण कपड्यांची कमी आणि मैदानावर संडास नसण्याची जास्त आहे. अर्जात ते पहिल्या ओळीत लिहा. दुसऱ्या ओळीत वेळ : पहाटे साडेपाच ते साडेसात.

बाकी काम आपलं. 90 बाय 50 मीटर सपाट जागेत 200 मीटरचा चार लेनचा ट्रॅक बसतो. दोन सरळ बाजू 40-40 मीटरच्या, दोन्ही टोकांना 18.90 मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं, लेन 1.22 मीटरची. दोरी, खुंटी आणि फक्की, बस. चुना वापरू नका, डोळ्यांत गेला तर भाजतं. 1600 मीटरला आठ फेऱ्या होतील. वळणं आखूड असल्यामुळे वेळ थोडा जास्त लागेल, त्याने घाबरू नका. पावसाळ्यात पाणी साचतं तिथे मुरूम टाकावा लागेल. त्यासाठी कुणाचा ट्रॅक्टर मिळतो का, ते आत्ताच बोलून ठेवा.

अर्ज उद्या द्यायचा. परवानगी मिळाली की येत्या रविवारी फजरनंतर गेटपाशी भेटू. पन्नास मीटरचा टेप माझ्याकडे आहे. फक्कीची गोणी कोण आणतंय?