अंतर तेच, वाट लांब

दोन गावांमधले अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजायला आपण शाळेत शिकलो. विमानाच्या प्रवासाला ही पट्टी चालत नाही. त्यासाठी पृथ्वीचा गोल घ्यावा आणि दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरावा. फिनलंडमधले हेलसिंकी आणि जपानमधले टोकियो यांच्यात असा दोरा धरला, तर तो बहुतेक सगळा रशियावरून जातो. अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, वेळ साधारण साडेनऊ तास.

फिनएअर या विमान कंपनीने आपला धंदा या दोऱ्यावरच उभा केला होता. युरोपातून जपान, चीन, कोरियाला जायचे ना, मग हेलसिंकीवरून चला, जवळ पडेल, असे तिचे सांगणे. ते खरेही होते. पण २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि पुढच्या चार दिवसांत युरोपीय देशांनी आणि रशियाने एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. ९ मार्चला फिनएअरचे विमान टोकियोला निघाले ते थेट उत्तर ध्रुवावरून, मग अलास्काच्या बाजूने खाली. सुमारे १३,००० किलोमीटर आणि १३ तास. आपल्याकडे याला द्राविडी प्राणायाम म्हणतात. ध्रुव ओलांडल्याचे प्रमाणपत्र प्रवाशांना मिळू लागले, एवढीच काय ती गंमत.

ही वाट कंपनीला नवी नव्हती. १९८३ साली सैबेरियावरचा रस्ता सहज मिळत नसे. युरोपातली पुष्कळ विमाने अलास्कात अँकरेजला उतरून इंधन घेत आणि मग जपान गाठत. त्या वर्षी फिनएअरने डीसी-१० विमानाला जादा टाक्या बसवून ध्रुवावरून न थांबता टोकियो गाठले होते. तेव्हा तो पराक्रम होता. २०२२ मध्ये नाइलाज.

साडेतीन तास वाढले म्हणजे प्रवाशाने आणखी एक सिनेमा पाहिला, एवढ्यावर हे भागत नाही. इंधन जास्त भरावे लागते, त्याचे वजन वाढले की सामान कमी न्यावे लागते, जादा वैमानिक लागतात आणि विमान परत यायला उशीर झाला की त्याची पुढची फेरी चुकते. चिनी कंपन्यांना मात्र रशियाचे आकाश उघडेच राहिले, म्हणजे त्याच प्रवासात त्यांचा खर्च कमी.

कधी उलटेही घडते. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने लांबली, तरी वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी लागला, कारण उंचावरचा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा पाठीशी होता.

वाऱ्याचा अंदाज निदान आधी बांधता येतो, सरकारांचा बांधता येत नाही. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केले आणि दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्नात उतरावे लागले. मुलांना भेटायला निघालेल्या आईवडिलांचा ‘थेट’ प्रवास असा मधेच तुटला. तिकिटावर आता केवळ विमानतळांची नावे वाचून भागत नाही. आपल्या घरचे कोणी निघणार असेल, तर विमान वाटेत कुठे उतरणार आहे, हे निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारून घ्या.