तान्ह्याचा दुमडलेला कान

दुपारची निजानीज झालेली असते. बाळंतिणीच्या खोलीत तान्हे मूल एका कुशीवर झोपलेले असते. तासाभराने आई त्याला उचलून घेते, आणि तिच्या ध्यानी येते की, खालच्या बाजूचा कान पुढे गालावर पार दुमडून गेला आहे. तेवढ्यात आजीबाईंचेही तिकडे लक्ष जाते. "अगं, कान बघून निजवावं गं मुलाला. असाच वाकडा राहिला म्हणजे?" आजींच्या या बोलण्यात काळजी असते, आणि नकळत थोडा ठपकाही असतो. त्या दिवसापासून पहिलटकरीण रात्री दोनदोनदा उठून मुलाचे कान चाचपू लागते.

या काळजीला आधार कितपत आहे हे पाहावयाचे, तर कान कशाचा घडलेला असतो येथून आरंभ करावा लागतो. खालच्या लोंबत्या पाळीत, जेथे डूल घालतात तेथे, केवळ त्वचा व चरबी असते. बाकीचा कान कूर्चेचा, म्हणजे घरगुती बोलीत ज्याला मऊ हाड म्हणतात त्याचा बनलेला असतो. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास गळ्याच्या दोन्ही बाजूंस सहा सहा इवले उंचवटे दिसू लागतात. तेच एकमेकांत मिसळून आणि वर सरकत सरकत कान होतो. घडण अशी लवकर सुरू होते. कूर्चेला ताठपणा मात्र गर्भवासाच्या अखेरच्या आठवड्यांत येतो.

तरीही पूर्ण दिवसांच्या मुलाचा कान मोठ्या माणसाच्या कानापेक्षा कितीतरी मऊ असतो. आईच्या रक्तातून मुलाकडे आलेले इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याला कारण होते, असे वैद्यक मानते. त्याच्या प्रभावाने कूर्चेतील हायल्युरॉनिक आम्ल वाढते आणि कूर्चा सहज लवते. आईकडून आलेल्या याच संप्रेरकांमुळे काही तान्ह्यांची, मुलग्यांचीसुद्धा, छाती पहिल्या काही दिवसांत सुजल्यासारखी दिसते. (ती पिळून 'दूध' काढण्याची जुन्या सुइणींची रीत मात्र घातक होय, त्याने गळू होण्याचे भय असते.) जन्मानंतर हे संप्रेरक झपाट्याने ओसरते, आणि सुमारे सहा आठवड्यांत कान बराच घट्ट होतो.

म्हणजे तास-दोन तासांच्या झोपेत दुमडलेला कान ही पूर्ण दिवसांच्या निरोगी मुलाच्या बाबतीत चिंतेची गोष्ट नव्हे. कानाच्या कूर्चेत लवचीक तंतू असतात. दाब हटला की ते तिला पूर्वीच्या आकारावर आणतात. आईच्या हातून काही अपराध घडलेला नसतो.

दुमडलेला कान किती चपळाईने परत फिरतो, याला डॉक्टरांच्या लेखी मोठे मोल आहे. लिली व व्हिक्टर डुबोविट्झ या दांपत्याने 1970 साली, आणि जीन बॅलार्ड यांनी 1979 साली, नवजात मुलाचे गर्भातील वय ताडण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांत कानाची परीक्षा आहे. डॉक्टर कानाची वरची कड अलगद दुमडतात आणि सोडतात. फार अपुऱ्या दिवसांच्या मुलाचा कान घडी घातलेल्या फडक्यासारखा तसाच पडून राहतो. थोड्या वाढलेल्या मुलाचा सावकाश उलगडतो. पूर्ण दिवसांच्या मुलाचा तत्काळ उभा राहतो. ज्या मातेला दिवस गेल्याची नेमकी तारीख ठाऊक नसते, तिच्या मुलाबाबत अशा खुणांचा फार उपयोग होतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांना कुशीवर निजविताना परिचारिका खालचा कान सपाट करून ठेवतात, तेही याच कारणाने.

आता आजीबाईंची बाजू. काही मुलांचा कान झोपेमुळे नव्हे, तर जन्मतःच वाकलेला असतो. वरची कड खाली झुकलेली असते, किंवा कान टोकदार तरी दिसतो. यांपैकी कित्येक कान पहिल्या काही दिवसांत आपोआप सुधारतात. सगळे मात्र सुधारत नाहीत. 1984 साली जपानमधील मात्सुओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, जन्मानंतर लगेच अशा कानाला योग्य आकाराचा आधार देऊन तो काही आठवडे तसाच ठेवला, तर शस्त्रक्रियेवाचून कान सुधारतो. कूर्चा मऊ असते म्हणूनच हे साधते. उपचार पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुरू व्हावा लागतो. ती वेळ टळली, तर शस्त्रक्रियेसाठी बहुधा पाच-सहा वर्षे थांबावे लागते. तान्ह्याचा कान वळवावा तसा वळतो, ही आजींची समजूत त्यामुळे अगदीच निराधार म्हणता येत नाही.

मात्र हे काम घरी चिकटपट्टी लावून किंवा डोक्याला घट्ट पट्टी बांधून करण्याचे नव्हे. तान्ह्याची त्वचा नाजूक. दाबाने तिला जखम होते. कान सरळ राहावा म्हणून मुलाच्या डोक्याखाली मऊ उशा रचणे तर त्याहून वाईट, कारण त्यांनी श्वास कोंडू शकतो. मुलाला उताणे निजवावे, ही आजच्या डॉक्टरांची शिफारस श्वासाच्या सुरक्षिततेसाठी आहे. कान न दुमडणे हा तिचा आनुषंगिक लाभ. टोपडे चढविताना कान आत मुडपला तर नाही ना, एवढे बोट फिरवून पाहिले की पुरे.

महाराष्ट्रात पुष्कळ घरी बाराव्या दिवशी सोनार कान टोचावयास येतो. सुश्रुतसंहितेने सहावा किंवा सातवा महिना सांगितला आहे, तो भाग निराळा. त्या दिवशी सर्वांची दृष्टी खालच्या पाळीवर असते. कोणी वरच्या कडेकडेही पाहिले, आणि ती जन्मापासून झुकलेलीच आहे असे दिसले, तर मुलाला डॉक्टरकडे नेण्यास अजून अवधी असतो.