दुर्बिणीची तपासणी म्हणजे ऑपरेशन नव्हे

गटाच्या बैठकीत हप्ता थकला तर सगळ्यांसमोर बोलतो, पण संडासवाटे रक्त पडतं हे बैठक उठल्यावर दाराशी हळूच सांगतो. मूळव्याध असेल म्हणून गप्प बसतो. महिनाभर रक्त, आव, जुलाब चालू असतील, वजन उतरत असेल, तर मोठ्या आतड्याला सूज असू शकते. डॉक्टर मग दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी सांगतात.

आपल्या बीडची बाई इथे दचकते. ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली राज्यभर गाजलं. तो धाक खोटा नाही. पण यात पोट फाडत नाहीत. संडासच्या जागेतून बोटाएवढी जाड नळी आत जाते आणि तपासायला कणीएवढा तुकडा घेतात.

पुढे आणि दोन्ही बाजूंना कॅमेरे असलेली दुर्बीणही मध्यंतरी निघाली होती. साधीला १४० ते १७० अंशांपर्यंत दिसतं, तिला ३३० पर्यंत दिसायचं, म्हणजे घडीआडचंही. सूज आठ-दहा वर्षांची जुनी असेल तर कॅन्सरची सुरुवात शोधायला असं दिसणं कामाचं. पण म्हणून तिच्यासाठी अडून राहू नका, साध्या दुर्बिणीनेही नीट तपासता येतं.

धोका? आतड्याला भोक पडणं साधारण हजारात एखादीला, सुजलेल्या आतड्यात थोडं जास्त. कॅमेरे किती यापेक्षा त्या दिवशी सूज किती भडकली आहे, हे महत्त्वाचं. फार भडकली असेल तर जाणते डॉक्टर आतड्याचा शेवटचा भाग तेवढा पाहतात आणि आधी औषध देतात. म्हणून विचाराच, “डॉक्टर, आज पूर्ण आतडं तपासणं गरजेचं आहे का?” दिवस गेले असतील, रक्त पातळ करायची किंवा साखरेची गोळी चालू असेल तर सांगा. फडात अंगदुखीवर घेतो त्या गोळ्याही सांगा, त्यांनी सूज वाढू शकते.

तोडीला निघायच्या आधी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखवा. एकदा फडात गेलं की खाडा कोण करू देतं? तपासणीला सोबत कुणी न्या, गुंगीचं औषध देतात. नंतर पोट फुगतं, वारा सरतो, ते चालतं. पोट दगडासारखं कडक झालं, ताप आला किंवा रक्त थांबेना, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठा.