मत आपलं, नगरसेवक सगळ्यांचा
(विहाराच्या वर्धापनदिनी उपासक-उपासिकांसमोर केलेले भाषण)



वर्धापनदिनाला धम्मावर बोलावे, अशी रीत आहे. आज आम्ही नगरसेवकाच्या निवडणुकीवर बोलणार आहोत. काहींच्या मनात येईल, विहारात राजकारण कशाला? म्हणून आधीच सांगून टाकतो, की कोणत्याही पक्षाचे, चिन्हाचे किंवा चालू उमेदवाराचे नाव आम्ही या ठिकाणी घेणार नाही. पण नळाला पाणी किती वाजता येते, गटार कोण उपसतो, पालिकेच्या शाळेत मास्तर पुरेसे आहेत की नाहीत, स्मशानभूमीत रात्री दिवा असतो का, या सगळ्या गोष्टी ज्या सभागृहात ठरतात, तिथे आपण कुणाला आणि कसे पाठवतो, हा आपल्या आचरणाचाच प्रश्न आहे.

नगरपालिकेचे महत्त्व आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला नको. महाडचे चवदार तळे नगरपालिकेचे होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव पास झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. शेवटी २० मार्च १९२७ ला परमपूज्य बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यावे लागले. त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला! पुढे प्रकरण कोर्टात गेले आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. बघा, ठराव करणारी नगरपालिका आणि तो फिरवणारीही नगरपालिकाच. आत कोण बसलेले आहे, यावर माणसाच्या तहानेचा निकाल लागत होता. त्याच महाडात सुरबानाना टिपणीस यांच्यासारखे नगरपालिकेतले पुढारी बाबासाहेबांच्या बाजूने उभे राहिले, हेही विसरू नका. ते आपल्या जातीचे नव्हते, पण आपल्या बाजूचे होते.

त्याच्याही आधी महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. सरकारने नेमलेले सदस्य होते, तरी मान डोलावणारे नव्हते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याची गोष्ट निघाली, तेव्हा जोतीरावांनी विरोध केला. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पेठांतल्या दारूच्या दुकानांबद्दलही त्यांनी लेखी तक्रार केली. एकटा पडलेला सदस्यही हात खाली ठेवू शकतो, एवढे यातून शिकले तरी पुष्कळ झाले.

आणि १९५९ साली रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे मुंबईचे महापौर झाले. ज्या मुंबईत आपली माणसे गोदीत, गिरणीत आणि सफाईच्या कामात राबत होती, त्या मुंबईच्या प्रथम नागरिकाच्या खुर्चीवर आपला माणूस बसला. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत इतरांशी हात मिळवून काम केले, म्हणून ते शक्य झाले. केवळ आपल्या मतांवर ते होणे नव्हते.

आता आपल्या ठाण्याकडे येऊ. ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ला स्थापन झाली. कोलशेत तेव्हा गाव होते. आगरी-कोळ्यांची घरे, खाडीकाठचे रेतीबंदर आणि रस्त्याच्या कडेने मोठमोठ्या केमिकल कंपन्या. आपली कितीतरी कुटुंबे कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून कामाच्या शोधात या बाजूला आली. आज कंपन्यांच्या जागी टॉवर आले. एकाच प्रभागात टॉवरवाला, गावठाणवाला, चाळीतला आणि झोपडीतला, असे सगळे मतदार आहेत.

हिशेब मांडून बघा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या साधारण १८ लाख ४१ हजार. नगरसेवक १३१. म्हणजे एका नगरसेवकामागे चौदा हजार माणसे. आणि चार जागांचा प्रभाग धरला, तर सुमारे छप्पन्न हजार. अनुसूचित जातीसाठी राखीव असलेली जागासुद्धा या सगळ्यांच्या मतांनी निवडून येते. काही मंडळी म्हणतात, "वॉर्ड आपल्याला सुटला." वॉर्ड आपल्याला सुटत नाही, बंधूंनो! उमेदवार आपल्यातला असावा लागतो, एवढेच. निवडणारे सगळे असतात आणि तिकीट देणारे तर भलतेच असतात. १९३२ च्या पुणे करारापासून संयुक्त मतदारसंघाची ही अडचण आपल्या मागे लागलेली आहे. निवडून आलेला माणूस तिकीट देणाऱ्याकडे तोंड करतो आणि वस्तीकडे पाठ. मग आपण म्हणतो, "आपलाच माणूस, पण उपयोग काय?"

यावर उपाय काय? आमच्या मते उपाय जुनाच आहे. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी सांगितले, की सभेचे नियम, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे सारे भिक्खू संघाला ठाऊक होते. संघात मत घेताना शलाका, म्हणजे काड्या वाटत. त्या वाटणारा भिक्खू कसा असावा? छंद, द्वेष, मोह आणि भय या चार वाटांनी न जाणारा असावा, असे विनयात सांगितले आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थालाही याच चार अगती टाळायला सांगितल्या आहेत. उमेदवार दारी येतो, तेव्हा याच चार गोष्टी त्याच्यासोबत आपल्या घरात शिरतात.

पहिला छंद, म्हणजे ओढ. आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, आपल्या गटाचा म्हणून मत. दुसरा द्वेष. "त्याने लग्नाला बोलावले नाही, जयंतीच्या मिरवणुकीत मला पुढे उभे केले नाही, म्हणून त्याला पाडायचाच." एका वस्तीतून आपलीच तीन-तीन माणसे उभी राहतात आणि तिन्ही पडतात, याचे कारण बहुतेक वेळा विचारांचा फरक नसतो, रुसवा असतो.

तिसरा मोह. मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट येते, साडी येते, मंडळाला स्पीकर येतो. विहारालासुद्धा फरशी देतो, छत देतो, असे निरोप येतात. दान वाईट नाही. पण जे दान मतदानाची तारीख बघून येते, ते दान नव्हे, तो सौदा होय. ज्या हक्कासाठी बाबासाहेब १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि १९२८ साली सायमन कमिशनपुढे भांडले, तो हक्क पाच वर्षांसाठी दोन हजाराला द्यायचा, म्हणजे दिवसाला एक रुपया दहा पैसे भाव पडला! एवढ्यात चहासुद्धा येत नाही.

चौथे भय. हे सगळ्यात जड. "घर पुनर्विकासात आहे, तो बिल्डरच्या बाजूचा आहे." "भाड्याने राहतो, मालक सांगेल तिथे मत." "मुलगा कंत्राटी कामावर आहे." ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. रोजची भाकर ज्याच्या हातात, त्याच्यापुढे बोलणे सोपे नसते. पण यंत्रासमोरच्या पुठ्ठ्यामागे तुम्ही एकटे असता. तिथे मालक नसतो, बिल्डर नसतो, भाऊही नसतो. चारही जागांसाठी बटण दाबायचे आणि एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल, तर नोटा आहे. तो एक मिनिट पूर्णपणे तुमचा असतो.

हा मिनिट किती मोलाचा आहे, हे आपण अलीकडेच अनुभवले. मार्च २०२२ मध्ये ठाण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि मतदान झाले थेट १५ जानेवारी २०२६ ला. कल्याण-डोंबिवलीत तर २०२० पासून प्रशासकाचा कारभार होता. इतकी वर्षे नळाची तक्रार घेऊन लोक या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. अधिकारी चांगला असो की वाईट, तो मते मागायला येणार नसतो. आणि निवडणूक आली, तेव्हा दोन्ही शहरांत काही जागा बिनविरोध गेल्या. तिथल्या मतदाराला त्या जागेसाठी बटणच दाबता आले नाही. म्हणून उमेदवार उभा राहणे, हीसुद्धा समाजाची सेवा आहे.

आता तरुणांसाठी दोन शब्द. तुमच्यापैकी कुणाला उभे राहायचे असेल, तर वयाची एकवीस वर्षे पूर्ण हवीत आणि मतदार यादीत नाव हवे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कागद. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागते. ते ठरलेल्या मुदतीत दिले नाही, तर निवडून आलेल्याचे पदही जाते. त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या नोंदी वगैरे. धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० सालापासून मिळाल्या, केंद्राच्या मात्र १९९० साली. किती वर्षे झगडावे लागले ते बघा. तेव्हा गावी जाल, तेव्हा जत्रेबरोबर शाळेतही जा आणि आजोबांच्या नावाचा उतारा काढून आणा. निवडणुकीलाच नव्हे, मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशालाही तोच लागतो.

भगिनींनो, २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. परंतु कित्येक ठिकाणी नाव ताईंचे आणि सही करण्यापूर्वी विचारायचे दादांना, असे चालते. अशी नगरसेविका म्हणजे अर्धेच आरक्षण. महिला मंडळाच्या बैठकीत हिशेब वाचून दाखवणारी आपली बाई महासभेतही अंदाजपत्रक वाचू शकते, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही.

आता विहाराबद्दल. १९८८ साली एक कायदा झाला. धार्मिक स्थळाचा उपयोग राजकीय प्रचारासाठी करता येत नाही. म्हणून उमेदवार वंदनेला आला, तर त्याचे स्वागत आहे, त्यानेही सर्वांसारखे खाली बसावे. पण विहाराचा माईक कुणालाही मिळणार नाही. आपल्यातल्या उमेदवारालाही नाही. "विहार आमच्या पाठीशी आहे" असे कोणी बाहेर सांगत असेल, तर ते खरे मानू नका. विहार बुद्धाच्या पाठीशी आहे. घरात, चाळीत, सोसायटीच्या आवारात मात्र उमेदवाराला जरूर बसवा आणि विचारा. त्याचे शपथपत्र वाचा. त्यात मालमत्ता लिहिलेली असते, गुन्हेही लिहिलेले असतात. माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीत पाण्याचा प्रश्न कितीदा मांडणार, ते विचारा. २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली, ती सभा तू घेणार का, म्हणून विचारा. आणि शेवटी हेही विचारा, की शेजारच्या कोळीवाड्यासाठी आणि टॉवरमधल्या मोलकरणींसाठी तू काय करशील? जो फक्त आपल्यापुरते बोलतो, तो छप्पन्न हजारांत निवडून येणार नाही. आणि जो आपल्याला विसरून बोलतो, त्याला निवडून देऊन फायदा नाही.

निवडून दिल्यावर आपले काम संपत नाही. वर्षातून एकदा अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या वस्तीची पाच कामे लिहून, सह्या करून त्याच्या हातात द्यायची आणि पोच घ्यायची. पुढच्या वर्षी तोच कागद घेऊन जायचे. उत्तर नाही मिळाले, तर २००५ च्या माहिती अधिकारात अर्ज टाकायचा. वस्तीत शिकलेली पोरे आहेत, अर्ज लिहिणे त्यांच्यासाठी अवघड नाही. नगरसेवक आपला असो वा दुसऱ्याचा, कागद सगळ्यांना सारखाच.

बाबासाहेबांनी आपल्या हातात मत दिले. ते कुणाला द्यायचे, हे आम्ही सांगणार नाही. पण ओढीने, रागाने, लोभाने किंवा भीतीने देऊ नका, एवढी विनंती करतो आणि दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!