पडलेल्या दाताच्या जागी काय?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला दातांविषयी चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. दात काढून घ्यायला माझ्या दवाखान्यात पुष्कळजणी येतात. काढलेल्या दाताच्या जागी काय करावे, हे विचारायला मात्र फार थोड्या परत येतात. "दुखणे गेले ना, आता आणखी खर्च कशाला?" असे म्हणून त्या जातात. यजमानांचा चष्मा होतो, मुलांच्या दातांना तारा लागतात, आणि स्वतःची दाढ "पुढच्या दिवाळीनंतर" म्हणून मागे राहते.

हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, असे आपण म्हणतो. आपले वागणे तसेच आहे. समोरचा दात पडला तर दुसऱ्या दिवशी धावत येतो; मागची दाढ गेली तर "कोणाला दिसते?" म्हणतो. पण भाकरी दळण्याचे काम त्या न दिसणाऱ्या दाढेचेच असते.

जागा रिकामी राहिली की काय होते, ते आधी सांगते. शेजारचे दात हळूहळू त्या बाजूला कलतात. समोरच्या जबड्यातल्या दाढेला टेकायला काही उरत नाही, म्हणून ती आपल्या जागेवरून खाली किंवा वर सरकू लागते. फटींत अन्न अडकून कीड लागते. जबड्याचे हाडही झिजते, आणि दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत अधिक असते. म्हणून निर्णय लवकर घ्यावा. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असे मात्र नाही. अक्कलदाढ काढली तर तिथे सहसा काही बसवत नाहीत. अगदी शेवटच्या दाढेबाबतही कधीकधी तसेच चालते. बाकी दातांसाठी मुख्य मार्ग तीन.

पहिला, काढता-घालता येणारी कवळी. ही सर्वांत स्वस्त, आणि हिच्यासाठी शेजारचे दात फारसे कोरावे लागत नाहीत. सुरुवातीला तोंडात परकी वस्तू असल्यासारखे वाटते, पण सवय होते. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात घातली तर ती वाकडी होते.

दुसरा, ब्रिज, म्हणजे पूल. दोन्ही बाजूंचे दात कोरून त्यांवर टोप्या बसवतात आणि मधला खोटा दात त्यांना जोडलेला असतो. दोन-तीन खेपांत काम होते आणि दात पक्का बसतो. पण कोरलेले दंतकवच पुन्हा येत नाही. शिवाय पुलाखालची जागा बारीक ब्रशने किंवा दोऱ्याने रोज साफ करावी लागते. नाहीतर खांबच किडतात.

तिसरा, इम्प्लांट. टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू हाडात बसवतात. तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, मग त्यावर दात चढवतात. टायटॅनियम हाडाला असे घट्ट धरते, हे स्वीडनचे ब्रॉनेमार्क यांना १९५२ साली सशांवरील प्रयोगात दिसले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाला असे दात बसवले, आणि ते त्याला चाळीस वर्षे पुरले. यात शेजारच्या दातांना हात लागत नाही. पण खर्च सर्वांत जास्त, आणि हाड पुरेसे हवे. मुलीच्या जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट बसवत नाहीत.

आता यांतले चांगले कोणते? माझ्याकडे दोन सख्ख्या जावा आल्या होत्या. दोघींची खालची तीच दाढ गेलेली. धाकटीच्या शेजारचे दात निरोगी, हाड भक्कम. तिला मी इम्प्लांट सुचवले. थोरलीची साखर वर्षभर आटोक्यात नव्हती, आणि शेजारच्या दोन्ही दातांत आधीच मोठी सिमेंटे भरलेली होती. त्या दातांना टोप्या लागणारच होत्या, म्हणून तिला ब्रिज सांगितला. थोरली रुसली. "हिला महागाचे, मला स्वस्तातले का?" दोघींचे फोटो शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा पटले. तिने मग साखरही मनावर घेतली. भगिनींनो, साडी जावेसारखी घेता येते, दात घेता येत नाही.

म्हणून दवाखान्यात तीन प्रश्न जरूर विचारा. शेजारच्या दातांची अवस्था कशी आहे? हाड किती आहे? आणि बसवल्यावर निगा व दुरुस्तीचा खर्च काय येईल? आपणही काही लपवू नका. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, हाडांच्या ठिसूळपणाचे औषध, हे सारे सांगा. मिश्री लावत असाल तर तेही सांगा. तंबाखूने हिरड्या बिघडतात, जखम लवकर भरत नाही आणि इम्प्लांट सैल होण्याचा धोका वाढतो; तोंडाच्या कर्करोगाचे भय तर आहेच.

एक इशारा. रस्त्याच्या कडेला "तासाभरात पक्का दात" बसवून देणारे भेटतात. ते प्लॅस्टिकचा मसाला शेजारच्या दातांना आणि हिरडीला चिकटवून देतात. खाली घाण साचते, हिरडी सुजते, आणि एका दाताच्या लोभाने दोन चांगले दात हलू लागतात. पैशाची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयाची वाट धरा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे ती आहेत. तिथे वेळ लागतो, पण काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि कमी खर्चात होते.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण आपण हसत सांगतो. घरातल्या सर्वांच्या ताटात चणे पडावेत म्हणून आयुष्यभर राबलेल्या बाईलाच ते चावता येऊ नयेत, हे मला बरे वाटत नाही. इथून घरी गेल्यावर आरशासमोर तोंड उघडून जिभेने रिकाम्या जागा मोजा. एक जरी सापडली, तरी या महिन्यात दाखवून या. लगेच काही बसवायचे नसेल तरी चालेल. काय करता येते हे तरी कळेल.