आधारसामग्रीचे जतन : महाविद्यालयांची जबाबदारी



महाविद्यालयात एखादे संशोधन पूर्ण झाले म्हणजे त्याचा प्रबंध बांधून ग्रंथालयात ठेवला जातो. ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय भांडारामुळे तर देशभरातील लाखो प्रबंध आज कोणासही घरबसल्या वाचता येतात. ही प्रगती निःसंशय स्वागतार्ह आहे. तथापि, प्रबंध हे संशोधनाचे फळ होय. ते ज्या आधारसामग्रीतून, म्हणजेच ‘डेटा’मधून निर्माण होते, तिचे पुढे काय होते? भरून घेतलेल्या प्रश्नावल्या, विहिरींच्या पाणीपातळीची मोजमापे, पिकांच्या नोंदी, मुलाखतींच्या ध्वनिफिती ही सारी सामग्री बहुधा संशोधकाच्या कपाटात किंवा संगणकात पडून राहते. संशोधकाची बदली झाली, तो निवृत्त झाला किंवा संगणक बिघडला, की ती कायमची अंतरते.

या हानीचे मोजमापही झालेले आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत जीवशास्त्रातील ५१६ शोधनिबंधांच्या मूळ सामग्रीचा शोध घेण्यात आला. निबंध जसजसा जुना, तसतशी त्याची सामग्री उपलब्ध असण्याची शक्यता दरवर्षी सुमारे १७ टक्क्यांनी घटत गेल्याचे तीत आढळले. संशोधकांचे पत्ते बदलले होते आणि साठवणीची साधने कालबाह्य झाली होती.

एक कोटी नोंदपत्रांचा धडा

याउलट, सामग्री जपली तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पाहावयास मिळते. डॉ. सु. मं. कत्रे यांच्या प्रेरणेने तेथे १९४८ साली संस्कृतच्या बृहत्कोशाचे कार्य सुरू झाले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द वेचून जवळजवळ एक कोटी नोंदपत्रे तयार करण्यात आली. कोशाचा पहिला भाग डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादकत्वाखाली १९७६ साली प्रकाशित झाला आणि पुढील खंडांचे काम अद्याप चालू आहे. ज्यांनी नोंदपत्रे लिहिली त्यांपैकी अनेकांना कोशाचे पुढील खंड पाहावयास मिळाले नाहीत. आणि आज ज्यांच्या हाती ती आहेत, त्यांपैकी अनेकांनी ते लिहिणारे पाहिलेले नाहीत. तरीही काम अडत नाही. कारण शब्द कोणता, तो कोणत्या ग्रंथात, कोणत्या स्थळी आला, हे नोंदपत्रावरच लिहिलेले आहे आणि नोंदपत्रे वर्णक्रमाने लावून ठेवलेली आहेत. लिहिणाऱ्याला विचारावे न लागता जी नोंद समजते, तीच खरी जतन झालेली नोंद होय.

साठवण म्हणजे जतन नव्हे

सामग्री संगणकात भरली म्हणजे ती सुरक्षित झाली, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठात प्रती काढणाऱ्या संगणकीय प्रणालीतील दोषामुळेच सुमारे ७७ टेराबाइट सामग्री पुसली गेली. तिच्यातील काही भाग परत मिळविणे अशक्य ठरले. एवढ्या साधनसंपन्न संस्थेची ही स्थिती, तर एकाच पेन ड्राइव्हवर विसंबणाऱ्या महाविद्यालयाने किती सावध असावे!

यावर सर्वमान्य उपाय सोपा आहे. प्रत्येक सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. शिवाय वर्षातून एकदा तरी प्रती उघडून तपासाव्यात. प्रत्येक संचासोबत एक माहितीपत्रक जोडणे अगत्याचे आहे. सामग्री कोणी, केव्हा, कोठे व कोणत्या साधनाने गोळा केली, रकान्यांचे अर्थ काय आणि मोजमापाची एकके कोणती, हे त्यात स्पष्ट लिहावे. ‘पातळी’ या रकान्यातील आकडे मीटरचे की फुटांचे, हे ठाऊक नसेल तर ते आकडे असून नसून सारखेच. प्रत्येक महाविद्यालयाने ग्रंथपालांच्या साहाय्याने अशा संचांची नोंदवही ठेवावी आणि प्रबंधाबरोबरच मूळ सामग्रीही संस्थेकडे जमा करून घ्यावी. यासाठी मोठ्या खर्चाची नव्हे, शिस्तीची गरज आहे.

गावाचा विश्वास

या विषयाला आणखी एक बाजू आहे. बरीचशी सामग्री गावांतून येते. शेतकरी आपले उत्पन्न सांगतो, माता आपल्या बाळाचे वजन नोंदवू देते, ते विश्वासाने. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली कायदा केला आहे. परंतु कायदा नसता तरी हा विश्वास जपणे कर्तव्यच ठरले असते. म्हणून नावे व पत्ते मूळ सामग्रीतून वेगळे काढून कुलूपबंद ठेवावेत. उरलेल्या माहितीचा सारांश मात्र गावाला परत मिळावा. आज मोजलेली विहिरींची पातळी वीस वर्षांनी ग्रामपंचायतीला पाण्याचे नियोजन करताना मोलाची ठरेल. सरपंचांनी व सदस्यांनीही पाहणीसाठी आलेल्या अभ्यासकाकडे असा सारांश आवर्जून मागावा.

पेरणीसाठी राखलेले बियाणे शेतकरी उपासमारीतही मोडत नाही. आधारसामग्री हे ज्ञानाचे बियाणे आहे. ते राखण्याची व्यवस्था प्रत्येक महाविद्यालयाने केली, तर पुढील पिढीच्या संशोधकाला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही.