भोंगा नेमका कुठून वाजला?



भिलाई मार्शलिंग यार्डात अनेक रुळांवर एकदम हालचाल चालू असते. तिथे भोंगा नुसता ऐकू येऊन भागत नाही, तो कोणत्या बाजूचा हे कळले पाहिजे. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. मेंदूला तेवढे पुरते! बारीक, उंच पट्टीच्या आवाजाला तर डोकेच आडवे येते, म्हणून पलीकडच्या कानाला तो क्षीण लागतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली हे मांडले.

पण अगदी समोरचा किंवा अगदी पाठीमागचा आवाज दोन्ही कानांना एकदमच पोहोचतो. मग फरक कसा कळणार? बाहेरच्या कानाच्या घड्या दिशेप्रमाणे काही उंच स्वर दाबतात, काही उठवतात. थंडीत कानटोपी घट्ट ओढली की नेमकी हीच खूण पुसट होते. इअरफोनचे तर बोलायलाच नको. म्हणून गँगच्या माणसांना मी सांगतो, भोंगा ऐकला की आधी रुळाबाहेर व्हा, मग मान वळवा. मान वळली की दोन कानांतला फरक बदलतो आणि पुढचे-मागचे कळते. घरी डोळे मिटून, कुणाला तरी टाळी वाजवायला सांगून करून पाहा.